शाळा बदलायची की घर?

पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते. ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर त्या, त्यांचा नवरा, सासूबाई आणि दुसरीतली मुलगी असे चौघं राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. त्यांची नोकरी परळला, नवऱ्याची ऐरोलीला. मुलगी चालत जाण्याच्या अंतरावरच्या अनुदानित शाळेत सेमी-इंग्रजीच्या वर्गात आहे. वर्गात ५५ मुलं आहेत. तिला सोडणं-आणणं, दुपारचं जेवण, सगळं सासूबाई बघतात. धाकट्या दिरानं घोडबंदर रोडवर कासारवडवलीला फ्लॅट घेतलाय, त्याचा मुलगा तिथल्या सीबीएसई शाळेत जातो. यंदा गणपतीत सगळे जमले तेव्हा पुतण्या घडाघडा इंग्रजी बोलत होता आणि यांची मुलगी आजीच्या पाठीमागे जाऊन बसली. तेव्हापासून यांच्या मनात घोडबंदर रोडला जायचं घोळतंय. इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू आहेत, पण त्यात अडकण्याआधीच घर विकून मोकळं व्हावं असं त्यांना वाटतं. नवरा म्हणतो, 'तू ठरव.' सासूबाई म्हणतात, 'तुम्ही जा, मी इथंच राहीन.' पत्राचा शेवट असा : 'आमच्या सोयीसाठी आम्ही मुलीचं भविष्य अडवून धरतोय का?'

तुमच्या या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचं पत्र त्याच्याच दडपणाखाली लिहिलं गेलंय असं वाटलं. नौपाड्यात राहणं ही तुमची सोय आहे असं तुम्ही धरून चाललाय. ती मुलीचीही सोय आहे हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. ती चालत शाळेत जाते. शाळा सुटली की आजी फाटकाशी उभी असते. घरी येऊन गरम जेवण, थोडी झोप, संध्याकाळी आजीबरोबर तलावपाळीची फेरी, असा तिचा दिवस तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात. ठाण्यात आज किती मुलांना असा दिवस मिळतो, याचा विचार करा.

आता गणपतीतला प्रसंग. तो पत्रात दोनदा आलाय, म्हणजे तुम्हाला फार लागलाय. तुमचं दुःख मला कळतं. पण सात वर्षांचं मूल पाहुण्यांच्या गर्दीत गप्प बसलं, यावरून त्याच्या शाळेबद्दल काहीच ठरवता येत नाही. शेजारी दुसऱ्या मुलाचं कौतुक चाललेलं असेल तर एरवी बोलकी मुलंही आजीच्या पदराआड जातात. तिला नंतर जवळ घेऊन विचारलंत का? वर्गशिक्षिकांना भेटलात का? पत्रात त्याबद्दल काही नाही. ती मराठी सलग वाचते का, गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगते का, सकाळी शाळेत कुरकुरत जाते की आनंदात, हेही नाही. पुतण्याबद्दल मात्र बरंच आहे. तुम्हाला टोचावं म्हणून हे लिहीत नाही. निर्णय मुलीसाठी घ्यायचा असेल तर माहितीही तिचीच हवी, म्हणून लिहिते.

'तिकडच्या शाळा चांगल्या' असं तुम्ही लिहिता. कशात चांगल्या? मोठी इमारत, स्मार्ट बोर्ड, स्केटिंग, दहावीचे निकाल. यातला निकाल हा सगळ्यात फसवा पुरावा आहे. मोठी फी भरू शकणाऱ्या, घरी पुस्तकं असलेल्या, शिकलेल्या आईबापांची मुलं एका ठिकाणी गोळा झाली की निकाल चांगला लागणारच. त्यात शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे निकालाच्या फलकावर दिसत नाही. ते वेगळं काढून बघायचा एक मोठा प्रयोग आपल्याच देशात झालाय. त्या वेळच्या आंध्र प्रदेशात १८० गावांमध्ये सरकारी शाळांतल्या मुलांपैकी काहींना सोडतीनं खासगी शाळेची फी देण्यात आली आणि चार वर्षं त्यांची प्रगती तपासली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये निष्कर्ष मांडले : तेलुगू आणि गणितात खासगी शाळेत गेलेली मुलं पुढे गेली नव्हती, हिंदीत मात्र नक्की पुढे होती, कारण खासगी शाळा हिंदीला जास्त वेळ देत होत्या. त्या खेड्यातल्या, कमी फीच्या शाळा होत्या, ठाण्याला हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. तरी एवढं त्यातून घ्या : शाळा ज्या विषयाला जास्त वेळ देते त्यात मूल पुढे जातं, बाकीच्यात शाळा बदलल्यानं आपोआप फरक पडतोच असं नाही.

तुमची इंग्रजीची काळजीही मग याच अंगानं बघता येईल. इंग्रजीला मुलीच्या दिवसातला किती वेळ मिळतो? सेमी-इंग्रजीत गणित-विज्ञानाच्या संज्ञा तिच्या कानावर पडतील, पण बोलण्याचा सराव ५५ मुलांच्या वर्गात मिळणं अवघड आहे, हे मान्यच करायला हवं. तो घरी मिळू शकतो आणि त्याला क्लास लागत नाही. रोज रात्री वीस मिनिटं, एक सोपं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक, तुम्ही मोठ्यानं वाचायचं, मग तिनं, मग दोघींनी त्यावर इंग्रजीत वेडंवाकडं बोलायचं. चुका दुरुस्त करायच्या नाहीत. मराठीचं वाचन सोबत सुरूच ठेवा. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय तुमच्याच शहरात आहे, आजी आणि नात दोघींनी मिळून तिथं जायला लागा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलंय. तुमची मुलगी आज तशाच शाळेत आहे. ते तिचं वैगुण्य समजू नका.

पटसंख्येची तुमची तक्रार मात्र खरी आहे आणि ती दामटायला हवी. शिक्षणहक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण आहे. शाळेत या इयत्तांची दोनशेहून जास्त मुलं असली तरी ते चाळीसच्या वर जाऊ नये, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि कायद्यानुसार तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. तुमच्या वर्गातल्या चार-पाच पालकांनी मिळून मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या : शिक्षकांची किती पदं मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, तुकडी वाढवण्यासाठी शाळेनं काय पाठपुरावा केलाय. हे विचारणाऱ्या पालकांकडे शाळा शत्रू म्हणून बघेल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. भरतीसाठी वर भांडायला शाळेलाही असं पत्र हातात हवं असतं.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त बोलायचंय त्याकडे येते, ते म्हणजे घरातल्या मोठ्यांचा वेळ. आज तुम्ही नौपाड्यातून चालत स्टेशनला जाता आणि फास्ट लोकल पकडता. तुमचे यजमान ट्रान्स-हार्बरनं दिघा गाव, मग ऐरोली, असं दुसऱ्याच स्टेशनवर उतरतात. कासारवडवलीहून ठाणे स्टेशन साधारण दहा-अकरा किलोमीटर. वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा, कापूरबावडी, माजिवडा अशी एकेक नाक्याची कोंडी, त्यात जेएनपीटीकडून गुजरातकडे जाणारी अवजड वाहनं, पावसाळ्यात खड्डे. सकाळी एका बाजूचा तासभर जादा धरा. येतानाही तेवढाच. महिन्याचे बावीस कामाचे दिवस म्हणजे प्रत्येकी ४४ तास. कामाच्या एका पूर्ण आठवड्याएवढी तुमची आणि तुमच्या यजमानांची हजेरी दर महिन्याला मुलीच्या आयुष्यातून वजा होणार. वर सांगितलेली रात्रीची वीस मिनिटं त्यातूनच जाणार, कारण आठ-साडेआठला दमून घरात शिरलेली आई पुस्तक घेऊन बसत नाही, कुकर लावते.

'मेट्रो येतेय ना' असं दीर म्हणाले असतील. वडाळा-कासारवडवली ही मेट्रो ४ आणि पुढे गायमुखपर्यंतची ४ अ, घोडबंदरच्या लोकांनी या कामाची धूळ वर्षानुवर्षं खाल्लीय आणि त्यांना तिचा फायदा व्हावाच. पण तुमच्या बाबतीत दोन गोष्टी बघा. हा मार्ग ठाणे रेल्वे स्टेशनात येत नाही, तीन हात नाक्यावरून मुलुंड, भांडुप, घाटकोपरकडे जातो. परळ आणि ऐरोली दोन्ही त्याच्या वाटेवर नाहीत. आणि तीन हात नाका तुमच्या नौपाड्याला लागून आहे. म्हणजे पूर्ण मार्ग सुरू झाल्यावर घोडबंदरची शाळा, क्लास, मैदान तुमच्या मुलीला नौपाड्यात राहूनही गाठता येईल, आणि सकाळी गर्दीच्या उलट्या दिशेनं. पाचवी-सहावीतल्या मुलीसाठी ती शक्यता खरी असेल. दुसरीतल्या मुलीसाठी अर्थातच नाही.

सासूबाईंच्या 'मी इथंच राहीन' या वाक्यावर तुम्ही लिहिलंय की त्या रुसल्यात. मला तसं वाटलं नाही. त्यांचा डॉक्टर, त्यांचं भजनी मंडळ, कौपिनेश्वर, भाजीवाली, ज्यांच्याकडे निरोप न देता जाता येतं अशा मैत्रिणी, हे सगळं चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. घोडबंदरच्या एखाद्या बावीस मजली इमारतीत त्यांना लिफ्ट मिळेल, गुडघ्यांना आराम पडेल, हे खरं आहे आणि ते क्षुल्लक नाही. बागेत बसायला बाकही मिळेल. पण रिक्षा केल्याशिवाय कुठंच जाता येणार नाही, म्हणजे प्रत्येक वेळी तुमच्यावर अवलंबून राहणं आलं. त्या राहिल्या आणि तुम्ही गेलात, तर दुपारी मुलीला कोण घेणार? पाळणाघर किंवा पूर्ण दिवसाची बाई. तो खर्च आणि शाळेच्या बसचा खर्च तुमच्या हिशेबाच्या कागदावर मला दिसला नाही, फक्त फी दिसली. सासूबाईंना एकदा शांतपणे विचारा, 'आई, तुम्ही नेमकं काय सोडायला नाही म्हणताय?' उत्तर ऐकून घ्या, लगेच समजूत घालू नका.

पुनर्विकासाबद्दल तुम्ही जेमतेम दोन ओळी लिहिल्यात. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. करार होण्याआधी घर विकलंत तर वाढीव जागा, लिफ्ट, पार्किंग, सगळं नव्या मालकाला मिळेल. आणि नोकरीच्या पगारावर नौपाड्यात पुन्हा घर घेणं जवळपास अशक्य आहे. थांबलात तर इमारत रिकामी करायची वेळ येईल तेव्हा बिल्डरकडून दरमहा भाडं मिळेल आणि तीनेक वर्षं तुम्हाला बाहेर राहायचंच आहे. म्हणजे 'जायचं की राहायचं' हा प्रश्न काही काळ तसाही तुमच्यासमोर येणारच आहे, फक्त घर न विकता.

तेव्हा मोह होईल की चला, ही तीन वर्षं घोडबंदरला भाड्यानं राहू आणि मुलीलाही तिकडच्या शाळेत घालू. तो टाळा असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरीत नवी शाळा, नवी भाषा, नवी मैत्री, आणि सहावीत परत नौपाडा, म्हणजे दोनदा मुळं उपटणं. बिल्डरच्या भाड्यात पाचपाखाडी, चरई, खोपट, कोपरी अशा जवळच्या भागात घर बघा, वरचे काही हजार पदरचे घालावे लागले तरी. नव्या शाळेची फी, बस आणि पाळणाघर यांच्या बेरजेशी ते ताडून पाहा. शाळा तीच, आजी तीच, स्टेशन जवळच. मात्र भाड्याचा करार, पर्यायी घराचा करार आणि बिल्डरची बँक हमी, यांचे नोंदणीसह सगळे कागद हातात आल्याशिवाय चावी देऊ नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालचे, पुनर्विकासाबद्दलचे सहकार खात्याचे ४ जुलै २०१९ चे निर्देश सोसायटीच्या सभेत वाचायला मागा.

शाळेचा फेरविचार कधी करायचा, तर पाचवी-सहावीच्या उंबरठ्यावर. तोवर तिचं वाचन पक्कं झालेलं असेल, तिची आवड दिसू लागेल आणि तिला स्वतःचं मतही असेल. बोर्ड बदलायचं असेल तर आठवीच्या आत, कारण नववीत बोर्डाची नोंदणी होते. दहावीनंतर राज्य मंडळाच्या ज्युनिअर कॉलेजात जाणारी सगळी मुलं, आधीचं बोर्ड कुठलंही असो, अकरावीच्या त्याच केंद्रीय ऑनलाइन प्रवेशाच्या रांगेत येतात. मग घोडबंदरची मुलंही स्टेशनजवळच्या कॉलेजांचे पर्याय भरतात. एमएचटी-सीईटीचा अभ्यासक्रम राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीवर बेतलेला आहे, नीट आणि जेईई एनसीईआरटीवर. दुसरीत या परीक्षांसाठी घर विकायला निघणं फार घाईचं होईल.

घर सोडू नये असं मी सगळ्यांनाच सांगत नाही. मुलाला शिकण्यात विशेष मदत हवी आहे आणि जवळच्या कुठल्याच शाळेत ती मिळत नाही, शाळेत मारहाण किंवा अपमान होतोय आणि तक्रार करूनही थांबत नाही, किंवा आई-वडिलांची नोकरीच तिकडे आहे, तर जरूर जावं, आणि लवकर जावं. कळव्याहून, डोंबिवलीहून, किंवा वाशीहून खारघरला शाळेसाठी जाऊ पाहणाऱ्या अनेक वाचकांनीही मला असंच विचारलंय. त्यांनाही माझं पहिलं विचारणं हेच असतं : शाळेची वेळ आणि तुमची गाडीची वेळ एका कागदावर मांडलीत का, आणि दुपारी बारा ते संध्याकाळी सात मूल कुणाजवळ आहे?

नवीन शाळा बघणाऱ्यांनी आणखी थोडं खोदावं. झपाट्यानं वाढणाऱ्या भागांत 'सीबीएसई पॅटर्न' अशी पाटी लावलेल्या शाळा असतात. पॅटर्न म्हणजे संलग्नता नव्हे. संलग्नता क्रमांक मागा आणि बोर्डाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. प्रत्येक मान्यताप्राप्त शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, असतो, त्यावरून मुलं किती, शिक्षक किती हे पाहता येतं. ठाणे महापालिकेचा शिक्षण विभाग अनधिकृत शाळांची यादी जाहीर करतो, तीही बघा. प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा मुलाची परीक्षा, पालकांची मुलाखत घेणं शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमानं बंद केलंय, कुणी मागितलं तर ती शाळा पुढे तुमच्याशी कशी वागेल याचा अंदाज तिथंच करा. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीनं मंजूर केलेली आणि दोन शैक्षणिक वर्षांसाठी ठरलेली असते, तो ठराव दाखवा म्हणा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, आपलं जूनमध्ये, हेही बदलताना ध्यानात ठेवा. आणि शाळेतल्या शिक्षकांना विचारा की इथं किती वर्षं झाली. दरवर्षी शिक्षक बदलत असतील तर संगमरवरी लॉबीचा मुलाला उपयोग नाही.

तुम्हाला मी एक करून बघायला सांगेन. जावेकडे आठवडाभर राहायला जा, सुट्टीत नको, कामाच्या दिवसांत. तिथून परळला जा, यजमानांना ऐरोलीला जाऊ दे, परत या. जावेशी मोकळेपणानं बोला, तिचा दिवस कसा जातो ते विचारा. उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं का, शाळेची बस किती वाजता दारात लागते, मुलगा घरी कधी पोचतो, हे तिच्याकडून कळेल. ती तुमची स्पर्धक नाही, या बाबतीत तुम्हाला सगळ्यात खरी माहिती तीच देऊ शकते. पुतण्या आणि तुमची मुलगी नुसती दोघंच असताना कशी बोलतात, हेही दिसेल.

'तू ठरव' म्हणणाऱ्या यजमानांना हे उत्तर वाचायला द्या आणि दोघांनी मिळून वर्गशिक्षिकांची वेळ मागून घ्या. दिवाळीनंतर शाळांच्या प्रवेशाच्या जाहिराती आणि 'आजच बुक करा' चे फोन एकदमच सुरू होतात. सोसायटीचा करार काय होतो हे कळेपर्यंत शाळेत प्रवेशाची रक्कम किंवा बिल्डरला टोकन, दोन्ही देऊ नका.